मातीचे देणे : सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे चरित्र

कापणीच्या सणाच्या रविवारी बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील खेड्यांच्या मंडळ्यांत उपासनामंदिराला शेताची कळा येते. कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी पायलीभर तूर, कोणी हरभऱ्याचे गाठोडे. एखादी म्हातारी परसातला भोपळा पदराखाली धरून आणते. पाळकसाहेब उपकारस्तुतीची प्रार्थना करतात, मग त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम मंडळीच्या कामी लागते. देवाने दिले त्यातले देवाला दिले, या समाधानात आपण घरी जातो. हे योग्यच आहे. परंतु ज्या मातीच्या हातून देवाने ते धान्य आपल्याला दिले, त्या मातीला आपण काय परत दिले, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो.

हा प्रश्न ज्यांनी जन्मभर विचारला आणि त्याचे उत्तर हाती कुदळ घेऊन शोधले, त्या सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत. ते मिशनरी नव्हते किंवा धर्मोपदेशकही नव्हते; सरकारी नोकरीतले ते एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. परंतु त्यांनी आपल्या आयुष्याची २६ वर्षे भारतात घालविली, आणि त्यांतली शेवटची ७ वर्षे होळकरांच्या इंदुरात, आपल्या मुलखात आहे तशाच काळ्या जमिनीवर. त्यांच्या कामाने इंदूरचे नाव जगभरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेले.

शेतकऱ्याचा मुलगा

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात बिशप्स कॅसल येथे झाला. वडील शेतकरी होते. गुरेढोरे, गवताच्या गंजी आणि उकिरडा यांच्या संगतीत त्यांचे बालपण गेले. बुद्धी तल्लख असल्यामुळे ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये व तेथून केंब्रिज विद्यापीठात गेले आणि निसर्गशास्त्रांच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

१८९९ साली त्यांना वेस्ट इंडीज बेटांवर नोकरी मिळाली. उसावर व इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे, रोगाचे नाव शोधायचे आणि शेतकऱ्याला उपाय सांगायचा. लवकरच त्यांच्या मनाला एक गोष्ट खुपू लागली. आपण ज्याला उपाय सांगतो तो शेतकरी स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने तो करून पाहतो. आपल्याजवळ मात्र हातभरही जमीन नाही. स्वतः न पिकविता दुसऱ्याला पिकवायला शिकविण्याचा आपल्याला काय अधिकार? शेतकऱ्याच्या मुलालाच असा प्रश्न पडू शकतो.

१९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले व वाय येथील शेतकी महाविद्यालयात रुजू झाले. तेथे हॉप नावाच्या वेलीची लागवड होत असे. या वेलीत नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. नराला फळ धरत नाही म्हणून शेतकरी नर वेल उपटून टाकीत. हॉवर्ड यांनी मळ्यात पुन्हा नर वेल लावविले, तेव्हा फळ चांगले भरू लागले. निसर्गाने जे जोडले आहे ते माणसाने निरुपयोगी समजून तोडू नये, हा धडा ते येथे शिकले.

पुसा येथील गुरुजन

१९०५ साली बिहारमधील पुसा येथे नव्याने स्थापन झालेल्या सरकारी शेतकी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाय यांच्याशी झाला. गॅब्रिएलबाई स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेल्या नामांकित शास्त्रज्ञ होत्या. पाने सूर्यप्रकाशाच्या मदतीने अन्न कसे तयार करतात यावर त्यांनी मोलाचे संशोधन केले होते. पुढील पंचवीस वर्षे या दांपत्याने एकाच टेबलावर आणि एकाच बांधावर काम केले. त्यांनी गव्हाच्या सुधारलेल्या जाती काढल्या, आणि त्यांतील 'पुसा ४' व 'पुसा १२' या जाती दूरवर पसरल्या. पती-पत्नीने मिळून देवाच्या सृष्टीची सेवा कशी करावी याचे हे एक उदाहरणच आहे.

पुसा येथे हॉवर्ड यांना प्रथमच स्वतःच्या देखरेखीखाली ७५ एकर जमीन मिळाली. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी औषधे मारीत नव्हते, विलायती खत घालीत नव्हते. तरी त्यांच्या पिकांवर कीड व रोग फारसे दिसत नव्हते. साहेबांनी मोठेपणा बाजूला ठेवला आणि या शेतकऱ्यांना गुरू केले. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. पिकावर पडणाऱ्या किडीलाही त्यांनी गुरू मानले. कीड पडली म्हणजे आपल्या मशागतीत किंवा जमिनीच्या पोषणात काही चुकते आहे, असा तिचा निरोप असतो, असे ते समजत. किडीला मारण्यापूर्वी तिचा निरोप वाचावा, असे त्यांचे मत होते.

त्यांच्या बैलांची एक हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. त्यांच्या बैलांना सकस जमिनीवरचा चारा मिळे. शेजारच्या गोठ्यातील जनावरांना लाळ-खुरकताची साथ आली असता हॉवर्ड यांच्या बैलांनी कुंपणावरून त्या जनावरांच्या तोंडाला तोंड लावलेले त्यांनी पाहिले; तरी त्यांच्या बैलांना रोग झाला नाही. यावरून निरोगी जमीन, निरोगी चारा, निरोगी जनावर आणि निरोगी माणूस ही एकच साखळी आहे, अशी त्यांची धारणा झाली. पुढील शास्त्रज्ञांनी हा त्यांचा दावा जसाच्या तसा मान्य केलेला नाही, आणि आपणही जनावरांना लस टोचून घेण्यात कसूर करू नये. पण साखळी आहे एवढे मात्र खरे.

जंगलाची शाळा

ही साखळी चालते कशी, याचा उलगडा हॉवर्ड यांना जंगलात झाला. आपल्या वाचकांना त्यासाठी दूर जायला नको. कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळी तालुक्यात जंगल आहे. तेथे कोणी शेणखताची गाडी नेत नाही, कोणी पोते फोडून खत फेकीत नाही. तरी दरवर्षी झाडे पालवतात आणि माती झिजण्याऐवजी काळी व भुसभुशीत होत जाते. असे का व्हावे?

झाडाची मुळे खोल जाऊन खडकातून सुटलेली खनिजे वर आणतात. ती पानांत, फुलांत, फळांत साठतात. उन्हाळ्यात पाने गळतात. पशुपक्षी पाने-फळे खातात आणि त्यांचे मलमूत्र तेथेच पडते. मेले म्हणजे तेही तेथेच पडतात. मग पावसाळ्याच्या ओलीत वाळवी, गांडुळे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू कामाला लागतात. ते त्या सगळ्याचे पुन्हा मातीत रूपांतर करतात. या काळ्या, ओलसर, मातीचा गोड वास असलेल्या पदार्थाला ह्यूमस म्हणतात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश ही पोषकद्रव्ये असतात. मुळे ती पुन्हा उचलतात आणि चक्र पुन्हा फिरू लागते. नत्राचा काही भाग हवेतूनही येतो. तूर, हरभरा, ताग यांसारख्या शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. तुरीचे रोप हलक्या हाताने उपटून पाहिले तर या गाठी शाळेतल्या मुलालाही दिसतील.

जंगलात कचरा नावाची वस्तूच नाही. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे जेवण. हॉवर्ड यांनी जंगलाला जगातला पहिला आणि उत्तम शेतकरी मानले, आणि जमिनीतून घेतलेले सर्व जमिनीला परत करणे हा शेतीचा पहिला नियम ठरविला.

शेतात हे चक्र तुटते, कारण पीक शेतात राहत नाही. एक क्विंटल तूर बाजारात गेली की तिच्याबरोबर जवळजवळ साडेतीन किलो नत्र शेताबाहेर जाते. ती डाळ शहरात शिजते, माणसाच्या पोटात जाते, आणि तिच्यातले बहुतेक नत्र मलमूत्रावाटे गटारात, गटारातून नाल्यात व नाल्यातून नदीत उतरते. तेथे त्या पोषणावर जलपर्णी माजते. म्हणजे शेत उपाशी आणि नदी अजीर्णाने आजारी, अशी ही अवस्था. खेड्यात शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या म्हणजे त्यातला नत्र धुरावाटे निघून जातो. उरते ती राख. शेतात तुराट्या व पळाट्या पेटवून दिल्या तरी तेच होते.

इंदूरचे खड्डे

पुसा येथे प्रत्येक शास्त्रज्ञाने आपापल्या खात्याच्या चौकटीत राहावे अशी शिस्त होती. एकाने फक्त बुरशी पाहावी, दुसऱ्याने फक्त कीटक, तिसऱ्याने फक्त रसायने. हॉवर्ड यांना पीक, जमीन, जनावर आणि शेतकरी हे सर्व एकत्र पाहायचे होते. म्हणून १९२४ साली ते इंदूरला आले. मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांच्या मदतीने तेथे नवी संशोधन संस्था उभी राहिली. तिच्यासाठी सुमारे ३०० एकर जमीन होळकर दरबाराने दिली.

माळव्याची जमीन व बीदर-कलबुर्गीची काळी जमीन या एकाच जातीच्या काळ्या दगडापासून झालेल्या बहिणी आहेत. पावसात चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. ओल धरून ठेवण्यात पटाईत, पण नत्रात व ह्यूमसमध्ये गरीब. तेथेही कापूस, ज्वारी, तूर हीच पिके. त्यामुळे इंदूरला जे सिद्ध झाले ते आपल्या बांधावरचेच आहे असे समजण्यास हरकत नाही.

संस्थेत हॉवर्ड यांनी मजुरांच्या सोयीकडेही लक्ष दिले. मजुरी ठरल्या वेळी मिळे, कामाचे तास बेताचे असत, विश्रांती आणि औषधपाणी यांची व्यवस्था होती. मातीची कदर करणाऱ्याने मातीत राबणाऱ्याची कदर करावी, हे उचितच झाले.

येथे त्यांना यशवंत वाड हे सहकारी लाभले. दोघांनी मिळून चीनच्या शेतकऱ्यांची जुनी रीत, आपल्या खेड्यातला उकिरडा आणि नवे जीवरसायनशास्त्र यांची सांगड घातली. तिलाच पुढे इंदूर पद्धत हे नाव पडले. तिची रीत अशी:

सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा घ्यायचा. त्यात पालापाचोळा, तण, धसकटे, गवत असा सर्व प्रकारचा वनस्पतीचा कचरा मिसळून पसरायचा. त्यावर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि थोडी लाकडाची राख यांचा थर द्यायचा, पाणी शिंपडायचे, आणि असे थरावर थर रचायचे. वनस्पतीचा भाग तीन-चार तर जनावराचा भाग एक, असे साधारण प्रमाण ठेवायचे. खड्डा दाबून भरायचा नाही, कारण जिवाणूंना हवा लागते. फार भिजवायचा नाही आणि कोरडाही पडू द्यायचा नाही. पुढे तीन वेळा सर्व माल वरखाली करायचा. तीन महिन्यांत कडक काड्यांचेही काळे, चुरचुरीत खत होते.

तुराट्या व पळाट्या लवकर कुजत नाहीत ही अडचण होती. त्यावर इंदूरला काढलेला उपाय आपल्या भागातील शेतकऱ्याला वाचून हसू येईल इतका सोपा आहे. त्या काड्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवीत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्या चुरडून भुशासारख्या होत. यंत्र नको, जास्तीची मजुरीही नको.

शेणाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व हॉवर्ड यांनी जनावरांच्या मूत्राला दिले. आपण शेण गोळा करतो पण मूत्र वाहून जाऊ देतो. त्यांनी गोठ्यात मातीची जमीन ठेवून ते मूत्र मुरवून घेतले, आणि ती माती काही महिन्यांनी खणून खताच्या खड्ड्यात वापरली. ४० बैलांच्या मागे वर्षाला सुमारे एक हजार गाड्या खत या संस्थेत तयार होऊ लागले. ही सारी माहिती हॉवर्ड व वाड यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. साहेबाच्या नावाखाली एतद्देशीय सहकाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर छापण्याची पद्धत त्या काळी फारशी नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. धनी ते तोडायला सांगतो; माळी मात्र आणखी एक वर्षाची मुदत मागतो, आणि त्या वर्षात आपण काय करू तेही सांगतो. तो झाडाभोवती खणणार आहे आणि खत घालणार आहे. या दाखल्यावर आपण पश्चात्तापाचे अनेक संदेश ऐकले आहेत. परंतु प्रभूच्या तोंडी हा माळी आला तो कुदळ आणि खताची पाटी घेऊन आला, हे आपण विसरतो. हॉवर्ड यांचे सारे आयुष्य म्हणजे त्या माळ्याचीच नोकरी होती.

गावाचा मळ आणि माणसाची लाज

१९३० साली गॅब्रिएलबाई मरण पावल्या. पंचवीस वर्षांची जोडी फुटली. १९३१ मध्ये हॉवर्ड इंदूर सोडून इंग्लंडला परत गेले. पुढे त्यांनी गॅब्रिएलबाईंची धाकटी बहीण लुईस यांच्याशी विवाह केला. १९३४ साली सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

त्यांच्या मागे इंदूरचे काम थांबले नाही. संस्थेचे नवे प्रमुख जॅक्सन व यशवंत वाड यांनी शहराचा केरकचरा आणि मैला यांवर हीच पद्धत वापरून पाहिली. शहरात रोज गोळा होणारा केर व सोनखत थरांनी रचून, उलथेपालथे करून त्याचे दुर्गंधी नसलेले खत होते, आणि आतील उष्णतेमुळे माश्यांच्या अळ्या व रोगजंतू मरतात, असे त्यांना आढळले. १९३५ साली महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनी ही संस्था पाहिली. १९३९ च्या सुमारास बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डॉ. सी. एन. आचार्य यांनी शहरांसाठी आणखी एक सोपी रीत काढली. केर व मैला यांचे थर चरात घालून वरून मातीने लिंपायचे आणि काही महिने तसेच कुजू द्यायचे. तिला बंगळूर पद्धत म्हणतात. म्हणजे शहराने शेताचे देणे फेडण्याची एक वाट माळव्यात निघाली तर दुसरी आपल्याच राज्यात.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. मळाचे सोने होते हे शास्त्र सांगते, परंतु तो मळ उचलणार कोण? आपल्या देशाने ते काम काही जातींच्या डोक्यावर पाटी ठेवून करून घेतले आणि वर त्यांनाच अपवित्र ठरविले. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या वाडवडिलांच्या वाट्याला मेलेली ढोरे ओढणे आणि गाव झाडणे हेच काम आले होते. गावाचे चक्र त्यांनी फिरते ठेवले. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले. ख्रिस्ताच्या नावाने त्यांना माणुसकी मिळाली, शाळा मिळाली, म्हणून आपण देवाचे उपकार मानतो. हाताने मैला वाहून नेण्याच्या प्रथेला १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी आहे, आणि ती पाळली गेलीच पाहिजे. मातीला परत द्यायचे म्हणून कोणा माणसाला पुन्हा पाटीखाली वाकविणे हे पाप होईल. मात्र त्या कामाची जी लाज आपल्या मनात बसली आहे तिचाही पुन्हा विचार केला पाहिजे. लाज वाटावी ती राबणाऱ्याला नव्हे, त्याला राबवून घेणाऱ्याला. शास्त्रात पाहा, अनुवादाच्या २३ व्या अध्यायात इस्राएलाच्या छावणीतील प्रत्येकाने खणण्याचे हत्यार जवळ बाळगावे आणि आपला मळ आपणच मातीने झाकावा अशी आज्ञा आहे. त्यासाठी कोणतीही वेगळी जात नेमलेली नाही. ज्याचा त्याने आपला मळ मातीला द्यावा आणि छावणी पवित्र राखावी.

शेवटची वर्षे

इंग्लंडला गेल्यावर हॉवर्ड स्वस्थ बसले नाहीत. चहा व कॉफीच्या मळ्यांतून, निरनिराळ्या देशांतून त्यांना पत्रे येत, आणि ते इंदूर पद्धत समजावून सांगत. १९४० साली त्यांचा शेतीवरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. कारखान्यात तयार झालेली खते झाडाला तात्पुरते खाऊ घालतात, पण मातीतल्या जिवांना उपाशी ठेवतात, असे त्यांनी त्यात निर्भीडपणे मांडले. त्यावरून मोठे वाद झाले. पुष्कळ शास्त्रज्ञांना त्यांची मते अतिरेकी वाटली. आज असे दिसते की दोन्ही बाजूंना काही ना काही पदरी घ्यावे लागले. वाढत्या लोकसंख्येला धान्य पुरविण्यात रासायनिक खतांचा मोठा वाटा आहे हे नाकारता येत नाही. आणि शेणखत, कंपोस्ट न घालता नुसती रासायनिक खते टाकीत राहिल्याने जमिनीचा कस उतरतो, हेही कृषिशास्त्रज्ञ आज सांगतात. शिवाय पालाशाचे खत आपल्या देशाला जवळजवळ सगळे बाहेरून आणावे लागते, आणि स्फुरदाचा दगडही बहुतांश बाहेरचाच. घरचे परत न देता परमुलखातून विकत आणावयाचे, असा हा व्यवहार आहे.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे लंडन येथे निधन झाले. ज्या देशात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली तो देश त्याच वर्षी स्वतंत्र झाला होता. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये सेंद्रिय शेतीच्या ज्या चळवळी उभ्या राहिल्या, त्यांनी हॉवर्ड यांना आपले आद्य गुरू मानले. आणि हॉवर्ड यांनी गुरू मानले होते ते बिहारच्या व माळव्याच्या शेतकऱ्यांना.

इंदूरनेही आपला वारसा अगदीच टाकला नाही. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेच्या सरकारी पाहणीत या शहराचा पहिला क्रमांक आला. तेथे घराघरांतून ओला व सुका कचरा वेगळा घेतला जातो. २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधन-वायू व खत करण्याचा मोठा कारखाना तेथे सुरू झाला. जे एका संस्थेच्या खड्ड्यांत सुरू झाले ते शहराच्या दारापर्यंत आले.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे पाहू. आपल्या सीमाभागात देवणी जातीची देखणी जनावरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ट्रॅक्टर आले तसे पुष्कळ गोठे रिकामे झाले आणि गोठ्याबरोबर शेणखतही आटले. तूर, सोयाबीन, ज्वारी गाड्या भरून जाते. परत येते ते रिकामे पोते. सगळा व्यवहार आपण एकटे बदलू शकणार नाही. पण आपल्या उपासनामंदिराचे अंगण तर आपलेच आहे.

त्या अंगणात बहुधा एखादे लिंबाचे किंवा चिंचेचे झाड असते. शनिवारी कोणीतरी भगिनी पाला झाडून ढीग करते आणि त्याला काडी लावते. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की ती काडी लावू देऊ नये. कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा मुलांकडून खणून घ्यावा. पाला, तण, भाजीची देठे, थोडे शेण, थोडी राख, ओंजळभर माती असे थर घालावेत. दर दोन-तीन आठवड्यांनी मुलांनी तो वरखाली करावा. पहिल्या काही दिवसांत हात जवळ नेला तर आतली ऊब कळेल. त्या ऊबेपाशी उभे राहून त्यांना अंजिराच्या झाडाचा दाखला सांगावा, आणि उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील आदामाचे पहिले काम कोणते ते सांगावे. देवाने त्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. नुसते तोडून खाण्यासाठी नव्हे. पाटी उचलण्यात मुलामुलींचा, घराण्यांचा, श्रीमंत-गरिबांचा भेद ठेवू नये. पाळकसाहेबांनीही एकदा पाटी उचलावी.

मग पुढच्या कापणीच्या सणाला कणसे, तुरी आणि भोपळा यांच्या शेजारी मुलांनी त्या काळ्या खताचे एक टोपले आणून ठेवावे. लिलावात त्याला फार किंमत येणार नाही. परंतु हे देवा, तू मातीच्या हातून आम्हाला जे दिलेस त्यातले काही आम्ही तिला परत देत आहोत, अशी प्रार्थना त्या टोपल्यापाशी आपल्याला खऱ्या मनाने करता येईल.